ओठबोलीचा दुभाष्या

माझ्या बहिणीने तिच्या गिरणीच्या व्यवस्थापकाला सुताच्या गोदामात घालून बाहेरून कडी लावली. कायद्याने या कृत्याला ताबडतोब नाव दिले: बेकायदा डांबून ठेवणे. त्याआधी याच व्यवस्थापकाने मागखात्याचा आणीबाणीचा दरवाजा खिळे ठोकून बंद करून टाकला होता. त्या दरवाजातून बायका घटकाभर वाऱ्याला जातात आणि तेवढा वेळ माग थांबतो, असे त्याच्या सूक्ष्म नजरेने टिपले होते. त्या कृत्याला कायद्याने काय नाव दिले आहे हे मी पुष्कळ शोधले. दिलेले नाही. एका पुरुषाला दुपारभर सुताच्या गठ्ठ्यांवर बसवणे हा अपराध होतो. खातेभर बायकांना आगीच्या मर्जीवर सोडणे याला कामाची शिस्त म्हणतात.

ताईने मात्र हे सगळे अतिशय नेटकेपणाने केले. व्यवस्थापकाने गोदामातूनच ओरडून खिळे काढण्याचा हुकूम दिला, खिळे निघाले, ताईने दरवाजा स्वतः दोनदा उघडून-लावून पाहिला आणि मग गोदामाची कडी काढली. पोलीस आले तेव्हा ती डबा धूत होती. "आले जरा," असे शेजारणीला सांगून ती त्यांच्या गाडीत बसली.

नव्याने दाखल झालेल्या बंद्याला आठवड्याला एकदा भेटता येते. पहिल्या भेटीला मी आणि भावोजी गेलो. भावोजी म्हणजे ताईचे यजमान. तेही विणकर; कोवळ्या वयात मागावर उभे राहिले आणि तरुणपणीच दोन्ही कान गिरणीला देऊन बसले. कानांच्या मागोमाग आवाजही गेला. आता ते मोठ्याने बोलू लागले की शब्द उमटत नाहीत; एखादा जुना माग तेलाविना सुरू व्हावा तसे काहीतरी ऐकू येते, म्हणून ते आवाज काढतच नाहीत. त्याने त्यांचे कधी काही अडले नाही. मागखात्यात शंभर माग एकाच वेळी धडधडत असताना कानाचा उपयोग कुणालाच नसतो. तिथे सगळे ओठबोलीत बोलतात: आवाज न करता, तोंड रुंद करून, ओठ ताणून, दोन्ही हातांची जोड देऊन. आमची आई मागावर होती. तिला घरीसुद्धा तशीच सवय, म्हणून आम्हा भावंडांना बोलण्याआधी ओठबोली आली. आमच्या घरातली भांडणेदेखील निःशब्द होत, आणि त्यामुळे मध्येच उठून जाण्याची सोय नसे. पाठ फिरवली की वाद हरल्यात जमा.

भेटीच्या खोलीत एका ओळीत स्टुले होती, समोर जाड काच, काचेच्या दोन्ही बाजूंना एकेक फोन. प्रत्येक फोनमध्ये खरखर, त्यामुळे प्रत्येक जण किंचाळत होता, आणि शेजारचा किंचाळतो म्हणून त्याहून मोठ्याने किंचाळत होता. थोडक्यात, मागखाते. ताई पलीकडे येऊन बसली आणि तिचा चेहरा खुलला. तिने फोनकडे पाहिलेसुद्धा नाही.

"जेवता ना?" तिचे ओठ म्हणाले.

"जेवतो," भावोजींचे ओठ म्हणाले.

"काय जेवता?"

"जे करपत नाही ते."

"म्हणजे उपाशीच."

एवढ्यात खोलीच्या टोकाच्या टेबलामागून पहारेकरीण बाई उठल्या. खांदे रुंद, आवाज त्याहून रुंद. "ओ काका! फोन घ्या! खाणाखुणा चालणार नाहीत इथे!"

भावोजी काचेत पाहून हसत होते. त्यांना खोलीतले काहीच ऐकू येत नव्हते, आणि ऐकू आले असते तरी त्या क्षणी त्यांनी ऐकले नसते.

"त्यांना ऐकू येत नाही," मी म्हणालो.

"म्हणूनच सांगतेय, फोन घ्या."

"बाई, ज्याला ऐकू येत नाही त्याला फोनवरही ऐकू येत नाही."

"मग मोठ्याने बोला. बाकीचे बोलतात ना?"

फोन तोंडाशी धरला की निम्मे ओठ झाकले जातात आणि एक हात अडकतो. ओठबोलीला अख्खे तोंड आणि दोन्ही हात लागतात. हे मी त्यांना समजावून सांगितले. माझ्या मते ते विवेचन नेमके आणि संयत होते. त्याच्या शेवटी भेट रद्द झाली. कारण नोंदवले गेले: गुप्त खुणांनी संभाषण. पुन्हा असे घडल्यास खटला उभा राहीपर्यंत भेट नाही, अशी पुस्ती वर जोडली गेली. खटला कधी उभा राहील हे आमच्या वकिलालाही ठाऊक नव्हते. "उभा राहील तेव्हा राहील," इतकेच तो सांगे आणि त्याची फी घेई. पत्र पाठवावे तर ते तपासणीच्या टेबलावर मुक्काम करते. शिवाय भावोजी पत्र लिहिणारे नव्हेत. ते बायकोशी बोलणारे होते.

बाहेर रस्त्यावर भावोजी मध्येच थांबले. "मी काय चुकीचं केलं?" त्यांच्या ओठांनी विचारले.

माझा ग्रंथसंग्रह लहान नाही, पण या प्रश्नासाठी त्यात एक पुस्तक कमी होते.

मी तुरुंगाची नियमावली मिळवली आणि ती वाचली. माझा व्यवसाय पाठचिकित्सेचा आहे. एकाच जुन्या ग्रंथाच्या अनेक हस्तलिखित प्रती समोर ठेवायच्या आणि कोणत्या लेखनिकाने मूळ शब्द कुठे बदलला ते शोधून काढायचे, हे काम मी आयुष्यभर केले. माझ्या तळटीपांमध्ये मी ज्यांना फाडून खाल्ले आहे त्यांत आळशी लेखनिक थोडे, आणि सुधारक लेखनिक फार. आळशी माणूस शब्द गाळतो, तो परवडला. सुधारक माणसाला मूळ कवीचे शब्द ओबडधोबड वाटतात आणि तो ते सुबक करून ठेवतो. त्याच्यासारखा घातकी प्राणी ग्रंथव्यवहारात दुसरा नाही.

नियमावली कोणा एकाने लिहिली नव्हती. ती साचली होती. पहिल्या पानावर म्हटले होते की भेटीचा हेतू नवीन बंद्याचे मनोधैर्य टिकवणे हा आहे. पुढची सगळी पाने त्या मनोधैर्यापासून तुरुंगाचे रक्षण कसे करावे याविषयी होती. पण मला हवे ते वाक्य सापडले. 'संभाषण उपस्थित कर्मचाऱ्यास समजेल अशा रीतीने व्हावे.' फोनचा उल्लेख कुठेही नव्हता.

ते वाक्य घेऊन मी अधीक्षकांकडे गेलो. अधीक्षक गोलसर, हसतमुख गृहस्थ होते. त्यांच्या कचेरीचे दार आतून उघडत नसे. बाहेर जायचे झाले की ते शिपायाला हाक मारत आणि शिपाई बाहेरून लाथ घाली. या गोष्टीत त्यांना काहीही विशेष वाटत नव्हते.

"सर, नियम काही मी केलेला नाही," ते म्हणाले.

"नियम कोणीच केलेला नसतो. तो नेहमी आधीपासून असतो, ओल असते तसा."

"हे छान बोललात." ते मनापासून हसले, आणि माझा राग आणखी धारदार झाला. "पण माझ्या बाईंना ते बोलणं समजत नाही, त्याचं काय करू?"

"मला समजतं. मी शेजारी बसून प्रत्येक वाक्य मोठ्याने सांगेन."

"तुम्ही तिचे भाऊ. ती म्हणणार करवत पाठव, आणि तुम्ही सांगणार कांदे पाठव."

"माझ्या बहिणीला करवत लागत नाही. तिला बाहेर जायचं असतं तर ती तुमच्या शिपायाला लाथ घालायला सांगून गेली असती."

अधीक्षकांनी दाराकडे पाहिले, मग माझ्याकडे. "शब्दशः सांगाल?"

"महाशय," मी म्हणालो, "दुसऱ्याच्या शब्दाला हात लावणाऱ्यांना मी आयुष्यभर तासत आलो आहे."

"म्हणजे लोकांच्या चुका काढता?"

"त्याचं वेतन मिळतं."

"मग तुमचीही एक परीक्षा घेऊ." त्यांना ही कल्पना फारच आवडलेली दिसली. "भेटीच्या शेवटी मी तुमच्या बहिणीला फोनवर विचारणार, नवरा काय म्हणाला. तुम्ही काय सांगितलं ते माझ्या बाई सांगतील. दोन्ही जुळलं तर दर आठवड्याला या. नाही जुळलं, तर मग खटल्याच्या दिवशीच भेटा सगळे. कबूल?"

मी कबूल झालो. इतक्या तुच्छतेने मी क्वचितच कशाला कबूल झालो असेन.

पुढच्या भेटीत भावोजी काचेसमोर, मी त्यांच्या डाव्या हाताला फोन धरून, आणि पहारेकरीण बाई आपल्या टेबलावर त्याच फोनचा जोडफोन कानाला लावून, अशी मांडणी झाली. ताईला व्यवस्था समजावून सांगितली तेव्हा तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की तिला तुरुंगात आल्यापासून प्रथमच काहीतरी मनासारखे मिळाले आहे हे माझ्या लक्षात आले.

ओठबोलीत प्रत्येक माणसाची एक खूण असते. व्यवस्थापकाची खूण म्हणजे पोटावरून फिरवलेला हात. माझी खूण म्हणजे चष्मा वर सरकवून दिलेली जांभई. ताईने ती जांभई सावकाश, पुरेपूर दिली.

"याने जगातली सगळी पुस्तकं वाचली," तिचे ओठ म्हणाले, "पण अजून उशीला अभ्रा घालता येत नाही."

"बंदी म्हणते," मी फोनमध्ये बोललो, "की तिच्या बंधूंचे वाचन विपुल असले तरी गृहकृत्यांत ते किंचित कमी पडतात."

पहारेकरीण बाईंनी मान डोलावली. भावोजींनी बातम्या सांगितल्या. व्यवस्थापकाला सर्दी झाली होती, गोदामात म्हणे गारठा होता. खिळे परत ठोकायची कुणाची हिंमत झाली नव्हती. "बायका मुद्दाम त्याच दरवाजातून ये-जा करतात. काम असो नसो. परवा एक तर नुसती बाहेर जाऊन, त्याच्या खिडकीकडे बघून शिंकली आणि आत आली."

ताई इतकी हसली की तिच्या शेजारची बंदी फोन सोडून तिच्याकडे पाहू लागली. मी त्या वाक्यांचे 'निर्गमनमार्गाचा वापर समाधानकारक आहे' असे निवेदन केले. मला ते सुटसुटीत वाटले.

मग भावोजी थांबले. त्यांनी तळहात गुडघ्यांवर घासले, डावीकडे माझ्याकडे एकदा पाहिले, आणि मी तिथे नाहीच असे ठरवून काचेकडे वळले.

"तू नाहीस तर झोप येत नाही," त्यांचे ओठ म्हणाले. "पलंग फार मोठा झालाय. मधोमध झोपून पाहिलं. तरी मोठाच."

माझे कान तापले. भर खोलीत, अनोळखी माणसांच्या देखत, माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीला, प्रथमपुरुषी एकवचनात! मी घसा साफ केला.

"बंदीच्या अनुपस्थितीमुळे," मी म्हणालो, "घरातील शयनव्यवस्थेत काहीसे असंतुलन निर्माण झाले आहे."

"काय निर्माण झालंय?" बाईंनी टेबलावरून विचारले.

"असंतुलन."

"बरं."

थोड्याच वेळात अधीक्षक आले. त्यांनी माझ्या हातातला फोन घेतला आणि पलीकडे ताईला फोन उचलण्याची खूण केली. "काय बाई, बऱ्या आहात? तुमचे यजमान शेवटी काय म्हणाले, तेवढं सांगा."

ताईने न लाजता सांगितले. खरखरीतूनही ते स्वच्छ ऐकू आले: पलंग फार मोठा झालाय, मधोमध झोपून पाहिलं, तरी मोठाच.

अधीक्षकांनी बाईंकडे पाहिले. "आणि सरांनी काय सांगितलं?"

"असंतुलन, साहेब."

"सर," अधीक्षक म्हणाले, "या बाईंना दोन नवरे आहेत का?"

आसपासचे चारपाच जण हसले. मी म्हणालो, "अर्थ तोच आहे."

वाक्य तोंडातून सुटताक्षणी मी ते ओळखले. माझ्या तळटीपांत गाडलेला प्रत्येक सुधारक लेखनिक, त्याला बोलायची संधी मिळाली असती तर, नेमके हेच म्हणाला असता.

"अर्थ मी मागितलाच नव्हता. शब्दशः म्हणालात तुम्ही." अधीक्षकांच्या स्वरात राग नव्हता, खेद होता, आणि तो खरा असल्यामुळे अधिक संतापजनक होता. "परीक्षा तुम्हीच कबूल केलीत, सर. आता खटल्यापर्यंत भेट नाही. माझा इलाज नाही."

भावोजींना यातले काही कळले नव्हते. सगळे हसत होते म्हणून तेही हसत होते. भेट चांगली झाली असा त्यांचा समज होता. काचेपलीकडे ताईने फोन खाली ठेवला. ती हसत नव्हती. तिने त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"पंडित," तिचे ओठ म्हणाले, "म्हण की. लाजतोस काय? तुझं वाक्य आहे का ते?"

पाठचिकित्सेवर मी बरेच काही वाचले आहे आणि थोडे लिहिलेही आहे. हा मुद्दा इतक्या कमी शब्दांत मांडलेला मी पाहिला नव्हता.

"थांबा," मी अधीक्षकांना म्हणालो. "भेट संपल्याची घंटा झालेली नाही. घंटा होईपर्यंत भेट चालू असते, कलम तुमचंच आहे. आणि परीक्षा भेटीच्या शेवटी घ्यायची ठरली होती. तुम्ही ती मध्येच घेतलीत."

अधीक्षकांनी घड्याळाकडे पाहिले. मग, मला वाटते, त्यांनी पुढे काय होईल याच्या उत्सुकतेपोटीच, शेजारचे रिकामे स्टूल ओढले आणि त्यावर बसले. "घ्या. करा दुरुस्ती."

मी भावोजींच्या खांद्यावर हात ठेवला. "पुन्हा सांगा," माझे ओठ म्हणाले. "जसंच्या तसं बोलतो. नाही बोललो तर भेट बंद होतेय."

त्यांचे हसू गेले. त्यांनी ओळीतल्या स्टुलांवर नजर फिरवली. "एवढ्या सगळ्यांसमोर?"

"एवढ्या सगळ्यांसमोर."

ते उभेच राहिले. मागावर उभे असल्यासारखे पाय रोवून त्यांनी काचेकडे तोंड केले, आणि मीही उभा राहिलो, कारण बसून ते सांगता आले नसते.

"तू नाहीस तर झोप येत नाही!" मी म्हणालो. व्याख्यानांनी माझा आवाज तयार झालेला आहे. तो शेवटच्या स्टुलापर्यंत पोचला. "पलंग फार मोठा झालाय! मधोमध झोपून पाहिलं. तरी मोठाच!"

खोलीतली किंचाळी एकेक करून थांबू लागली. भावोजींचे ओठ थांबले नाहीत. आता ते मघाचे बोलत नव्हते, नवीन बोलत होते, आणि मला विचार करायला उसंत नव्हती.

"तू घोरतेस ते मला कधी ऐकू आलं नाही. पण पलंगातून कळायचं. पाठीला. तू घोरायला लागलीस की मला झोप लागायची. आता पाठीला काहीच कळत नाही."

ताई ताडकन उठली. तिचे दोन्ही हात वर गेले.

"मी घोरत नाही!" मी गर्जलो. "लाज नाही वाटत? चारचौघांत सांगताय? मी घोरत नाही, सांग त्यांना!"

"घोरतेस! सगळा पलंग हलतो!"

"पलंगाचा पाय लंगडा आहे! किती वेळा सांगितलं, सुतार बोलवा!"

"सुतार बोलवला होता. तो म्हणाला पाय ठीक आहे."

मी एकाच श्वासात नवरा आणि बायको होऊन भांडत होतो, पांढऱ्या मिशा, चष्मा आणि कोटासकट, आणि खोलीत आता दुसरा कुठलाही आवाज नव्हता. कोपऱ्यातली एक म्हातारी आपल्या सुनेला भेटायला आली होती. तिने फोन मांडीत ठेवून "बरोबर आहे बाईचं," असा निकाल दिला. पलीकडच्या बंदी बायकांची मते उलट पडत होती, कारण त्या ताईच्याच बराकीत झोपत होत्या.

अधीक्षकांनी डोळे पुसले आणि फोन घेतला. "बाई, यजमान काय म्हणाले?"

"खोटं बोलले!" ताई म्हणाली.

"खरं-खोटं कोर्टात. काय म्हणाले ते सांगा."

तिने सांगितले: पलंग, पाठ, घोरणे, सुतार, सगळे. पहारेकरीण बाई प्रत्येक शब्दाला मान हलवत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "जुळलं, साहेब. सुतारासकट."

"मग या दर आठवड्याला," अधीक्षक उठत मला म्हणाले. "फक्त आवाज जरा खाली, सर. बाकीच्यांनीही बोलायचं असतं." जाता जाता त्यांनी भावोजींच्या पाठीवर थाप मारली आणि ओठ ताणून, अगदी चुकीच्या पद्धतीने, 'छान' म्हणण्याचा प्रयत्न केला. भावोजींनी मोठेपणाने ते समजल्याचे दाखवले.

आम्ही पुन्हा बसलो. खोली आपल्या किंचाळीकडे परतली. मी खालच्या आवाजात, काही न जोडता आणि काही न गाळता, दोघांचे बोलणे फोनमध्ये सांगत राहिलो: दुधाचे भांडे कुठे आहे, पांढरी चादर कशी धुवायची नाही, वकिलाला काय काय ऐकवायचे. माझ्या अभ्र्याचा विषय पुन्हा निघाला. तोही मी शब्दशः सांगितला.

मग भावोजी काचेला जवळजवळ नाक लावून पुढे झुकले आणि त्यांनी तोंडाच्या डाव्या बाजूला तळहात आडवा धरला. शेजारच्या मागावरच्या बाईला कळू नये म्हणून विणकर असा हात धरतात. त्यांच्या डाव्या बाजूला मी होतो.

ते काहीतरी बोलले. लांबलचक नव्हते. ताईचा चेहरा आधी कोरा झाला, मग कानांपर्यंत लाल झाला, आणि आपल्या व्यवस्थापकाला कोंडून ठेवणाऱ्या त्या बाईने पदराने तोंड झाकले.

"काय म्हणाले?" फोनमधून बाईंचा आवाज आला.

"दिसलं नाही," मी म्हणालो.

त्यांनी टेबलावरून मान लांब करून ताईकडे पाहिले, मग भावोजींच्या हाताकडे पाहिले.

"खोकले असतील," त्या म्हणाल्या आणि जोडफोन खाली ठेवला.

घंटा झाली. घंटा झाली की काचेवरचा पडदा ओढणे हे त्यांचे काम. त्या उठल्या, काचेपाशी आल्या, आणि पडद्याची दोरी हातात धरूनच दोरी कुठे आहे ते शोधू लागल्या.